न उघडणाऱ्या झाकणाचा करार

सरांना ते झाकण उघडता आलं नाही, आणि तेही सव्वाशे माणसांच्या देखत, असं पुढे विद्यापीठात बरेच दिवस सांगितलं जात होतं. खरं म्हणजे माणसं सत्तर-ऐंशीच होती आणि त्यातली निम्मी चहाच्या टेबलाकडे तोंड करून उभी होती. पण बदनामीचा आकडा कधी कमी होत नसतो.

त्या दिवशी विद्यापीठात उद्योग-मैत्री मेळावा होता. कुलगुरूंचं परिपत्रकच निघालं होतं की प्रत्येक प्राध्यापकानं वर्षअखेरपर्यंत निदान एका कारखान्याशी हातमिळवणी करावी आणि त्यांचा एक तरी खराखुरा प्रश्न सोडवून दाखवावा. ज्यांना कारखाना मिळणार नाही त्यांची नावं वेगळ्या यादीत लावली जातील. त्या यादीचं पुढे काय होणार, हे परिपत्रकात लिहिलं नव्हतं, त्यामुळे सगळेच जरा जास्त घाबरले होते.

सर यंत्रशास्त्र शिकवायचे. सव्वीस वर्षं शिकवत होते. त्यातही घर्षण हा त्यांचा हातखंडा विषय. पण 'घर्षण' अशी पाटी लावलेल्या टेबलाकडे कोण फिरकणार? शेजारच्या टेबलावर कॉम्प्युटरवाले बसले होते, तिथे दारापर्यंत रांग होती. सरांकडे दिवसभरात दोन माणसं आली. एकानं स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारलं. दुसऱ्यानं "ही खुर्ची रिकामीच आहे ना?" असं विचारून ती उचलून नेली.

चार वाजायला आले तेव्हा पन्नाशीच्या एक बाई कापडी पिशवी घेऊन टेबलाशी उभ्या राहिल्या.

"घर्षण तुमच्याकडेच ना?"

"हो हो! बसा ना," सर म्हणाले. बसायला खुर्ची नव्हती हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

बाईंनी पिशवीतून जॅमची एक बाटली काढली, टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "उघडा."

सरांनी हसत बाटली उचलली. झाकण हललं नाही. मग जरा कमी हसत, जोर लावून बघितलं. मग हातरुमाल गुंडाळून. मग टेबलावर टेकवून. शेवटी सर उभे राहिले आणि बाटली गुडघ्यांत धरून, दोन्ही हातांनी, चेहरा लालबुंद होईपर्यंत पिळत राहिले. कॉम्प्युटरवाल्यांची रांग हळूहळू इकडे वळून बघू लागली.

"माझा हात जरा घामेजलाय," सर म्हणाले.

"तुमच्या हाताचं काही चुकत नाही हो. झाकणच तसं आहे," बाई मायेनं म्हणाल्या. ती मायाच सरांना जास्त लागली.

बाईंचा जॅमचा कारखाना होता. बेचाळीस माणसं कामाला. सात महिन्यांपासून त्यांच्या बाटल्या उघडत नव्हत्या. सगळ्या नाहीत, दहातल्या एक-दोन. पण कुठल्या, हे काही केल्या कळत नव्हतं. झाकणवाला म्हणे बाटली वाईट, बाटलीवाला म्हणे झाकण वाईट, आणि दोघांचं एकमत फक्त एका गोष्टीवर, की जॅमच चिकट आहे. आता दुकानांच्या एका मोठ्या साखळीनं पत्र पाठवलं होतं: चार महिन्यांत सुधारा, नाही तर माल घेणं बंद.

"माझा निम्म्याहून जास्त माल ते घेतात," बाई म्हणाल्या. "ते गेले तर बेचाळिसातल्या वीसेक जणांना मला घरी बसवावं लागेल. त्यातल्या बाराजणी माझ्याबरोबर पहिल्या दिवसापासून आहेत. त्यांना काय सांगू, झाकण उघडलं नाही म्हणून?"

सरांनी बाटलीकडे बघितलं. सव्वीस वर्षांत त्यांनी घर्षणावर चौदा निबंध लिहिले होते, आणि चौदातल्या एकाही निबंधावर कुणाची नोकरी अवलंबून नव्हती.

"महिन्याभराचं काम आहे," ते म्हणाले.

माणसानं आयुष्यात काही वाक्यं तोंडातून काढू नयेत, त्यातलं हे एक.

पहिला महिना तर करारातच गेला. विद्यापीठाच्या करार विभागात एक मॅडम होत्या. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी सरांचा अर्ज वाचला आणि विचारलं, "झाकण म्हणजे नक्की काय?"

"झाकण म्हणजे... झाकण. बाटलीवर असतं ते."

"ते तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. कोर्टाला कुठे माहीत आहे?"

मग झाकणाची व्याख्या ठरली. ती सव्वा पानाची झाली आणि पुढे सगळीकडे झाकणाचा उल्लेख 'सदर आच्छादन' असा करायचं ठरलं. त्यानंतर आलं कलम नऊ, गोपनीयता. सदर आच्छादनाविषयी सरांनी कुणाशीही बोलण्यातून, लिहिण्यातून वा हावभावांतून काहीही उघड करायचं नाही.

"हावभावांतूनही नाही?"

"नाही. मागे एका प्राध्यापकांनी लग्नाच्या पंगतीत हातवारे करून अख्खा पंप समजावून सांगितला होता," मॅडम गंभीरपणे म्हणाल्या. सरांनी सही केली.

दुसऱ्याच दिवशी बाईंनी सहाशे बाटल्या पाठवून दिल्या. बारा-बारा बाटल्यांची पन्नास खोकी घेऊन टेम्पो विद्यापीठाच्या फाटकात उभा राहिला, आणि पहारेकऱ्यानं तो अडवला. 'प्रयोगशाळेच्या आवारात खाद्यपदार्थ आणण्यास सक्त मनाई आहे' असा हुकूम होता. सर तावातावानं फाटकाशी गेले. "कुणी काढला हा हुकूम?" पहारेकऱ्यानं फाईल उघडून कागद दाखवला. अकरा वर्षांपूर्वीचा होता आणि खाली सरांचीच सही होती. कुणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली वेफर ठेवला होता, त्या प्रकरणी ते तेव्हा फार संतापले होते.

हुकूम मागे घ्यायचा तर समितीची बैठक हवी. बैठक पुढच्या महिन्यात. टेम्पोवाला म्हणाला, "साहेब, मला अजून तीन ठिकाणी जायचंय. कुठे उतरवू ते सांगा, नाही तर इथे रस्त्यात उतरवतो." सरांनी घरचा पत्ता दिला.

दुसरा मजला, तीन खोल्या. त्यात सर, सरांची बायको, सासूबाई आणि आता पन्नास खोकी. बायको दारात कमरेवर हात ठेवून उभी होती.

"अहो, हे काय आहे?"

"सांगता येत नाही."

"म्हणजे?"

"कलम नऊ."

सत्तावीस वर्षांच्या संसारात तिला बरीच उत्तरं मिळाली होती, पण इतकं उद्धट उत्तर कधी मिळालं नव्हतं. त्या दिवसापासून ती सरांशी फक्त सासूबाईंमार्फत बोलू लागली. "आई, त्यांना म्हणावं कपाटाचं दार आता उघडत नाही. त्यात त्यांचे शर्ट आहेत. उद्या कलम नऊ घालून जा म्हणावं."

शेजाऱ्यांना मात्र खुलाशाची गरजच पडली नाही. समोरच्या फ्लॅटमधले मॅनेजरकाका बँकेतून निवृत्त झाल्यापासून जिना हीच आपली शाखा समजून वागत. त्यांनी खोकी मोजली, त्यावरचं चित्र पाहिलं आणि निष्कर्ष काढला: सरांची नोकरी गेली. आता घरोघर जॅम विकणार.

दुसऱ्या दिवशी जिन्यात काकांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला. "खचून जाऊ नका. धंद्यात कमीपणा कसला?"

"काका, तसं काही नाहीये."

"पहिल्यांदा सगळे असंच म्हणतात."

"अहो, हे वेगळं आहे. पण मला सांगता येत नाही."

"नका सांगू," काकांनी त्यांचा खांदा थोपटला. "आम्हाला कळतं. दोन बाटल्या आमच्याकडे पाठवा."

सर काय बोलणार? खुलासा करावा तर करार मोडतो, गप्प बसावं तर नोकरी जाते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण सरांची मूठ झाकलेली असताना सगळी इमारत तिच्यात नाणी कोंबायला निघाली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी चार बाटल्या नेल्या. तळमजल्यावरच्या शिंप्यानं तर "सर, तुमच्या जुन्या कोटाचं अस्तर मी फुकट बदलून देतो, गिऱ्हाइकासमोर नीट दिसलं पाहिजे," असं सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकू खाली आल्या. "तुम्हाला वाईट वाटेल, पण तुमचा माल उघडत नाही."

मग सल्ल्यांचा धबधबा सुरू झाला. कुणी म्हणालं गरम पाण्यात बुडवा. कुणी म्हणालं बुडावर थाप मारा, कुणी म्हणालं कडेनं चमच्याची दांडी घाला. काकूंचा विश्वास रबरी हातमोज्यावर होता. मॅनेजरकाकांनी बाटली दाराच्या फटीत अडकवून फिरवायची पद्धत करून दाखवली. झाकण जागेवर राहिलं आणि दाराची वरची बिजागरी निघून आली. बाटली हातात धरून, लटकत्या दाराशेजारी उभे राहून काका म्हणाले, "तत्त्व बरोबर आहे. दार कच्चं निघालं."

सर हे सगळं ऐकत होते, आणि ऐकता ऐकता त्यांच्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. झाकण किती घट्ट आहे हे मोजायचं तर माणसाच्या हातात किती जोर असतो हेही मोजायला नको का? आणि इथे तर माणसं आपणहून जिना चढून येतायत!

विद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये एक मिस्त्री होता. सर त्याच्याकडे गेले. त्यानं सायकलचे दोन ब्रेक, एक ताणकाटा आणि एका मोडक्या खुर्चीचा पाय घेऊन दोन दिवसांत यंत्र बनवलं. बाटली त्यात बसवायची आणि झाकण पिळायचं, की काटा किती जोर लागला ते दाखवायचा. विकत घ्यायचं म्हटलं असतं तर ते यंत्र सात महिन्यांनी आलं असतं. मिस्त्री म्हणाला, "सर, याला नाव काय देऊ?" सर इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "सदर यंत्र."

मात्र माणसांवर प्रयोग म्हटल्यावर नीतिमत्ता समिती आली, आणि समितीबरोबर चार पानी संमतिपत्र आलं. त्यात प्रयोगाचा उद्देश लिहिणं सक्तीचं होतं, आणि कलम नऊप्रमाणे उद्देश सांगायला बंदी होती. करार विभागातल्या मॅडमनी यातूनही वाट काढली. इमारतीतल्या एकसष्ट रहिवाशांनी सह्या केल्या त्या कागदावर लिहिलं होतं: 'मी एक गोल वस्तू स्वखुशीने पिळत आहे.'

रविवारी सकाळी सरांच्या दिवाणखान्यात रांग लागली. मॅनेजरकाका शर्टाच्या बाह्या दुमडून सगळ्यांच्या पुढे उभे राहिले, पिळताना डोळे मिटून घेतले, आणि आकडा ऐकल्यावर यंत्राचा काटा तपासून मागितला. शिंप्याची बोटं भक्कम निघाली. जोराच्या क्रमवारीत सरांची बायको अकरावी आली. सासूबाई सव्विसाव्या आल्या, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. "चाळीस वर्षं चादरी पिळल्यात मी," त्या म्हणाल्या. आणि सर? शास्त्र म्हटलं की स्वतःलाही वगळून चालत नाही. सर सत्तेचाळिसावे आले. बायकोनं तो आकडा पाहिला आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्यांच्याशी थेट बोलली: "अहो, चहा घेता?"

माणसांचं मोजून झालं. आता बाटल्या. रोज विद्यापीठातून आल्यावर सर यंत्राशी बसत, एकेक बाटली पिळत आणि आकडा वहीत लिहीत. काही झाकणं बोट लावताच उघडत, काही यंत्रालाही दाद देत नसत. त्यांनी झाकणांची जाडी मोजली, काचेचा काठ भिंगातून पाहिला, जॅमचा चिकटपणा तपासला. कशाचा कशाशी मेळ लागेना. तीनशे बाटल्या झाल्या. वही भरली. अर्ध्याच्या वर मुदत संपली आणि सरांना रात्री नीट झोप लागेना.

एका संध्याकाळी बाई स्वतः आल्या. खोक्यांच्या मधोमध स्टुलावर बसल्या. सरांनी वही पुढे केली.

"मला काही सापडत नाहीये," ते म्हणाले. हे वाक्य बोलायला त्यांना फार जड गेलं. प्राध्यापकाला 'मला येत नाही' म्हणायची सवय नसते. "तुम्ही दुसरं कुणी बघा. कॉम्प्युटरवाले आहेत, त्यांना सांगून बघतो."

"त्यांच्याकडे मी आधी गेले होते," बाई म्हणाल्या. "त्यांनी झाकण न उघडताच मला पडद्यावर उघडून दाखवलं."

तेवढ्यात सासूबाई उठून एका बंद खोक्याकडे गेल्या. "थांबा, पाहुण्यांना ब्रेडला जॅम लावून देते. कोपऱ्यातली काढते, ती पटकन उघडते."

सर वहीत बघत होते. मग त्यांनी मान वर केली.

"काय म्हणालात आई?"

"कोपऱ्यातली. रोज सकाळी मी कोपऱ्यातलीच घेते ना. खोक्यातल्या मधल्या दोन फार हट्टी असतात. तुम्हाला माहीत नाही?"

सरांना माहीत नव्हतं. माहीत असणार कसं? शास्त्रशुद्ध पद्धतीप्रमाणे त्यांनी पहिल्याच दिवशी अठ्ठावीस खोक्यांतल्या बाटल्या बाहेर काढून नीट मिसळल्या होत्या, निवडीत पक्षपात होऊ नये म्हणून. उत्तर त्यांनी आपल्या हातानं कालवून टाकलं होतं.

बावीस खोकी अजून शिल्लक होती. त्या संध्याकाळी सर, बाई, सरांची बायको आणि सासूबाई अशा चौघांनी मिळून बारा खोकी उघडली. कलम नऊचं काय झालं ते कुणी विचारलं नाही. सासूबाई जागा सांगत, "कोपरा... कडेची... मधली," बायको बाटली लावी, बाई पिळत आणि सर लिहीत. कोपरे सोपे, कडा सोप्या, आणि मधल्या दोन-दोन, बाराही खोक्यांत, दगडासारख्या.

"पण मध्ये असण्यानं झाकणाला काय कळतं?" बाई म्हणाल्या.

ते दुसऱ्या दिवशी कारखान्यात कळलं. सरांबरोबर मिस्त्रीही आला होता. उकळता जॅम बाटलीत भरायचा, झाकण लावायचं, पट्ट्यावरून बाटली गार पाण्याच्या फवाऱ्याखालून जायची आणि लगेच खोक्यात. सरांनी भरलेल्या खोक्यात हात घातला. कोपऱ्यातली बाटली कोमट होती. मधलीला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"पट्टा नेहमी इतकाच जोरात चालतो?" त्यांनी पट्ट्यावर काम करणाऱ्या एकीला विचारलं.

"नाही हो. मोठी ऑर्डर आली तेव्हापासून जोरात केलाय. झाले की नऊ-दहा महिने."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. तक्रारीही तेव्हापासूनच्याच होत्या. बाटली वरून गार लागत होती, पण आतून तापलेलीच खोक्यात जात होती. कडेच्या बाटल्या निवायच्या, मधल्या मात्र गोधडीत निजल्यासारख्या रात्रभर उबेत राहायच्या. झाकणाच्या आत जो रबरासारखा पातळ थर असतो तो त्या उबेनं मऊ होऊन काचेला चिकटून बसायचा. सरांनी खोक्यांत तापमापक ठेवून हे पक्कं केलं, आणि चार दिवस हिशेब करून सांगितलं की फवाऱ्याखाली बाटली चार मिनिटं नाही, नऊ मिनिटं राहिली पाहिजे.

"पट्टा हळू केला तर ऑर्डर पुरी होत नाही," बाई म्हणाल्या. "लांब केला तर भिंत आडवी येते."

"मग वळवा," मिस्त्री म्हणाला. "भिंतीशी न्यायचा आणि परत आणायचा. जिना नाही का वळतो?"

कारखान्यातल्या माणसांनी तो पट्टा पाच दिवसांत वळवला.

साखळीवाल्यांचा अधिकारी तपासायला आला तो मुदत संपायला दोन दिवस असताना. विद्यापीठाच्या सभागृहात साठ बाटल्या मांडल्या, सगळ्या खोक्यांच्या मधल्या जागेवरच्या. पिळायला अख्खी इमारत आली होती. कुलगुरू पहिल्या रांगेत बसले होते आणि करार विभागातल्या मॅडम हावभावांवर लक्ष ठेवायला दारात उभ्या होत्या.

पहिली बाटली काकूंनी घेतली, हातमोजा न घालता. टक्. दुसरी शिंप्याची. टक्. मग साऱ्या सभागृहात टक् टक् टक् सुरू झालं. मॅनेजरकाकांनी आपली उघडून शेजाऱ्याचीही उघडली. अधिकाऱ्यानं साठावी स्वतः उघडली, कागदावर काहीतरी लिहिलं, बाईंशी हात मिळवला आणि म्हणाला, "माल चालू राहील." बाईंनी त्याचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला.

आणि मग सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं, की साठ बाटल्या उघड्या पडल्यात.

"हे आता खायचं कुणी?" कुलगुरूंनी विचारलं.

मॅडमनी फाईल चाळली. उघडलेल्या जॅमबद्दल करारात काही नव्हतं. ही उणीव त्यांना फार लागली. पण तोपर्यंत सरांची बायको कोपऱ्यावरच्या दुकानातून ब्रेड घेऊन आली होती, सासूबाई चमच्यानं जॅम फासत होत्या, आणि कुलगुरूंच्या हातातही एक तुकडा होता.

"बाई," तोंड भरलेलं असतानाच मॅनेजरकाका ओरडले, "जॅम काय झालाय हो! हे फळ नुसतं शिजवता की आधी मुरवता?"

बाईंनी वळून बघितलं. अकरा महिने त्यांच्याशी जो तो फक्त झाकणाबद्दल बोलला होता. पत्रं झाकणाची, भांडणं झाकणाची, करार झाकणाचा. आत काय आहे ते कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी पदराला हात पुसले, खुर्ची ओढून काकांसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "आधी मुरवते. अख्खी एक रात्र. घाई केली की रंग जातो. आता नीट ऐका..."

मंडळी खुर्च्या सरकवत त्यांच्याभोवती जमली. सरही सरकले. सहाशे बाटल्या घरात ठेवून त्यांनी आजवर तो जॅम चाखलाच नव्हता. ब्रेडचा पहिला घास घेऊन, बोटाला लागलेलं चाटत, मागच्या खुर्चीवर बसून ते एखाद्या विद्यार्थ्यासारखे ऐकू लागले.